दोन हलक्या, एक जड

रोज दुपारी साडेचारला ऋतुजा मगदूम विद्यापीठाच्या तळघरात, सायकली ठेवायच्या खोलीत जाऊन बसायची, उजव्या हातात करडा हातमोजा चढवायची आणि मांडीवरच्या उशीला थोपटायला लागायची. दोन हलक्या थापा, एक जड. दोन हलक्या, एक जड. सायकल न्यायला आलेली उंच उंच पोरं तिच्याकडे बघून मान झुकवत आणि आपापली सायकल काढून निघून जात. नेदरलँड्समधल्या लोकांचा हा एक गुण तिला पहिल्याच आठवड्यात कळला होता. बाई उशीला थोपटत बसली असेल तर तिचं काहीतरी कारण असणार, आपण विचारायचं काही कारण नाही. गावी, आष्ट्यात, असती तर एव्हाना चार बायका भोवती बसल्या असत्या आणि पाचवी चहा घेऊन आली असती.

तिचं कारण सात हजार किलोमीटरांवर होतं. अडीच वर्षांचं होतं आणि त्याचं नाव शर्वी.

ऋतुजाला परदेशी शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा घरात कोणी नाही म्हटलं नव्हतं. नवरा, अभिनंदन, तर पेढे घेऊनच आला. सासूबाई, सुनंदाबाई, डोळे पुसत म्हणाल्या की दोन वर्षं काय, बघता बघता जातील. उरले अण्णा. सासरे, भूपाल मगदूम सर, आष्ट्याच्या हायस्कुलात तेहतीस वर्षं पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. शिट्टी अजून खुंटीला, पाठ अजून भिंतीला लावल्यासारखी ताठ. त्यांनी पेढा खाल्ला आणि पाणी पिऊन एकच प्रश्न विचारला.

"शर्वूला झोपवणार कोण?"

या प्रश्नाला मगदूम घरात उत्तर नव्हतं. शर्वी दिवसभर कोणाकडेही राही, कोणाच्याही हातून जेवे, पण झोपायची वेळ झाली की आईचाच हात लागे. तोही तसाच, दोन हलक्या, एक जड. अभिनंदनने एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा पोरीने त्याचा हात उचलून बाजूला ठेवला होता, ताटातली नावडती भाजी बाजूला सारावी तसा.

म्हणून अभिनंदनने थोपटदुलई आणली. कंपनीने तिला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, घरात मात्र थोपटदुलई हेच नाव पडलं. दिसायला साधी, पिवळ्या बदकांची, लहान मुलाची दुलई. आत मात्र कापसाच्या जोडीने असे धागे विणलेले की विजेचा अगदी बारीक ताण दिला की ते आक्रसतात आणि काढला की सैल पडतात, अंगातल्या स्नायूंसारखेच. तिकडे मोजा घातलेला हात उशीवर, नाहीतर कशावरही, जिथे आणि जितक्या जोराने पडेल, तिथे आणि तितक्याच जोराने दुलई इकडे दबते. तळव्याची ऊबही उमटते. शिवाय उलटंही होतं. दुलईखालच्या पाठीचा श्वास मोज्यात जाणवतो, अगदी हाताखाली पाठ वरखाली होतेय असा. मोज्याच्या मनगटाशी एक कडं, ते मूल जागं असेपर्यंत नारिंगी आणि झोपलं की हिरवं.

यातली खरी करामत वेगळीच होती. इतक्या लांबून थाप पोचायला पाव सेकंद लागतो. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही, फोनवर कळतसुद्धा नाही. पण थोपटणं म्हणजे बोलणं नव्हे. आईचा हात पाठीच्या श्वासावर चालतो आणि पाठीचा श्वास हातावर. मध्ये पाव सेकंदाची फट पडली की हात अडखळतो, आणि अडखळलेल्या हाताखाली कुठलंच मूल झोपत नाही. म्हणून दुलईतलं यंत्र वाट बघत बसतच नाही. पुढची थाप कशी पडेल याचा ते आधीच अंदाज बांधतं आणि थाप मारून मोकळं होतं, मग खरी थाप येऊन पोचली की चूक असेल तेवढी पुढच्या थापेत सुधारून घेतं. म्हणजे त्या दुलईत हात दोन होते. एक ऋतुजाचा आणि दुसरा तिच्या हाताचा अंदाज. पहिले काही दिवस अंदाज चुकत राही. पुढे चुकेनासा झाला. तिसऱ्या महिन्यात कंपनीने मोठ्या अभिमानाने कळवलं की आता आपल्या हाताची गरज नाही, 'आपोआप' हे बटण दाबा आणि निवांत राहा.

ऋतुजाने ते वाचून फोन पालथा ठेवला होता. मुलीला झोपवायला आपला अंदाज पाठवायचा आणि आपण निवांत राहायचं, असली आई व्हायला ती इतक्या लांब आली नव्हती.

कॅमेरा मात्र मुद्दाम ठेवला नव्हता. पहिल्या दोन रात्री आईचा चेहरा पडद्यावर दिसला तशी शर्वी पडद्यालाच चिकटली होती आणि रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा ठरलं, चेहरा सकाळी, हात रात्री. आष्ट्यात रात्रीचे नऊ वाजले की आतल्या खोलीतला दिवा बंद, दार लोटलेलं, दुलई पांघरलेली. अभिनंदन सांगलीहून कामावरून परतायचा तोवर घर सामसूम झालेलं असे. सकाळी ऋतुजा विचारायची, काल झोपली ना लवकर? सुनंदाबाई म्हणायच्या, हो गं, लगेच झोपली.

तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे इकडचे दुपारचे साडेचार. इथेच सगळी अडचण होती.

ऋतुजा शिकायला आली होती क्षारपड जमिनींचं शास्त्र. आष्ट्याच्या आसपास उसाला पाणी पाजून पाजून पांढरी पडलेली रानं ती लहानपणापासून बघत आली होती, आणि समुद्रात बुडायला निघालेली जमीन वर काढून तिच्यावर गाई चारणाऱ्या या लोकांकडून ते शिकावं असं तिच्या मनाने घेतलं होतं. शिकवणाऱ्या प्राध्यापक हुकस्त्राबाई सहा फूट उंच, पायात कायम रबरी बूट आणि बोलणं सरळ, म्हणजे आपल्याकडे ज्याला तोंडावर बोलणं म्हणतात ते. त्यांची गटचर्चा मंगळवारी आणि गुरुवारी, बरोबर साडेचारला. त्यानंतर सगळे खालच्या उपाहारगृहात एकेक पेला घेऊन तासभर उभे राहत. कोणी कोणाबरोबर काम करायचं, कोणाचं यंत्र कोणी वापरायचं, ख्रिसमसला कोणी कोणाच्या घरी जायचं, सगळं तिथे ठरे. ऋतुजा चर्चा सुरू होता होताच उठायची ती तळघरात जायची, आणि वर यायची तेव्हा पेले धुऊन झालेले असत.

त्यामुळे तीन महिने झाले तरी तिची ओळख झाली होती ती फक्त लोटेशी, आणि तीही स्वयंपाकघर एक होतं म्हणून. लोटे गोड मुलगी, हुकस्त्राबाईंच्याच गटातली. पहिल्याच दिवशी म्हणाली की आपण एकदा निवांत कॉफी पिऊ, आणि डायरी काढून पुढच्या महिन्यातला बुधवार दिला. दोघी एकाच ओट्यापाशी रोज भेटत होत्या, तरी बुधवार उजाडेपर्यंत निवांत कॉफी काही झाली नाही. ऋतुजाला वाटलं पोरगी शिष्ट आहे. लोटेला वाटत होतं ही बाई घाबरट आहे, कारण दुपारचे चार वाजले की ती ग्रंथालयाच्या पायरीवर डबा उघडून घाईघाईने जेवत बसते. त्याला कारण अण्णा. मगदुमांच्या घरी सूर्यास्ताच्या आत जेवायचं, आणि अण्णा रोज सकाळी ऋतुजाला ती राहते तिथल्या सूर्यास्ताची वेळ पाठवत. फक्त वेळ. खाली ना आशीर्वाद, ना चौकशी. डिसेंबरात ती वेळ साडेचारच्याही अलीकडे आली तेव्हा ऋतुजाचं दुपारचं आणि रात्रीचं जेवण जवळजवळ एकमेकांच्या मांडीवर बसलं.

झोप तर तिला येतच नव्हती. अंथरुणावर पडलं की डोक्यात तिकडचं घड्याळ चालू होई, आता उठली असेल, आता दूध प्यायली असेल. हुकस्त्राबाईंच्या सकाळच्या तासाला ती डोळे उघडे ठेवून बसे, इतकंच.

आणि अशात दुलई नवे नवे निरोप द्यायला लागली.

पहिला निरोप आला तो थापांचा. 'झोपणाऱ्यास थाप थोडी जड हवी.' ऋतुजाने जड केली. आठवड्याने पुन्हा, 'आणखी थोडी जड.' तिलाही हाताखाली पाठ रुंद लागत होती. ती हरखली. पोर बाळसं धरतेय. सुनंदाबाईंना तिने कळवलं की तुमच्या हाताला यश आहे, आई, आणि सुनंदाबाईंनी एकदम विषय बदलला तो तिला विनय वाटला.

मग श्वास. दुलई म्हणाली, श्वास संथ आहे, मिनिटाला चौदा. ऋतुजाने शोधून बघितलं तर अडीच वर्षांच्या मुलाचा श्वास याच्या जवळजवळ दुप्पट हवा. त्या दिवशी तिने अभिनंदनला कामावर फोन करून करून त्याचा साहेबसुद्धा हवालदिल केला. त्याने लवकर घरी येऊन, शर्वीला मांडीवर बसवून तिचा श्वास मोजला. तो नीट होता, मध्ये ती दोनदा उठून पळाली तेवढं सोडून.

आणि मग आला तो निरोप, 'घोरणं: मध्यम ते मोठं.'

ऋतुजाने रात्रभर वाचन केलं आणि सकाळपर्यंत तिची खात्री पटली की पोरीच्या नाकामागच्या गाठी वाढल्यात, श्वास कोंडतोय आणि घरात कोणाचं लक्ष नाही. अभिनंदनने रजा टाकली आणि शर्वीला सांगलीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाक बघितलं, घसा बघितला, कान बघितले. शर्वीने त्यांचा स्टेथोस्कोप बघितला आणि परत दिला नाही. डॉक्टर म्हणाले, मूल ठणठणीत आहे. अभिनंदनने दुलईचा अहवाल पुढे केला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे पेशंट तंबाखू खातात का?"

अभिनंदन चिडून घरी आला आणि म्हणाला की डॉक्टर थट्टेखोर आहे, आपण दुसरा बघू.

त्याच आठवड्यात हुकस्त्राबाईंनी ऋतुजाला बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, तुझं काम चांगलं आहे. पण इथे काम गटाने होतं आणि गटात तू नाहीस. पुढच्या गुरुवारी तुझं सादरीकरण, साडेचारला. त्यावर तुझं पुढचं वर्ष ठरेल. वेळ बदलणार नाही, कारण बारा जणांच्या डायऱ्या त्या वेळेवर जुळल्यात आणि पुन्हा जुळायला मार्च उजाडेल.

ऋतुजा खोलीवर आली आणि बॅग काढून पलंगावर ठेवली. भरली नाही, नुसती ठेवली. एका बाजूला दोन वर्षांचं शिक्षण, आणि दुसऱ्या बाजूला घोरणारी, संथ श्वासाची पोर, जिला आपला हात सुटला तर झोप येणार नाही. 'आपोआप'चं बटण होतं. पण ते दाबायचं म्हणजे अण्णांच्या प्रश्नाला 'यंत्र' असं उत्तर द्यायचं. तिने शेवटी ठरवलं ते असं की त्या दिवशी शर्वीला तासभर जागं ठेवायला सांगायचं. सादरीकरण संपवून धावत तळघरात यायचं. आणि हे एकदा जमलं नाही, तर सत्र संपताच परत जायचं. तसं तिने कोणाला सांगितलं नाही, पण तिकिटांचे दर बघून ठेवले.

गुरुवारी हुकस्त्राबाईंच्या सभागृहाबाहेर उभं राहून तिने आष्ट्याला फोन लावला. साडेचार होऊन दोन-तीन मिनिटं झाली होती. हातात मोजा चढवलेलाच होता, सवयीने. आतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

सुनंदाबाईंनी फोन उचलला. ऋतुजाने भराभर सांगितलं, आज तासभर उशीर होईल, तेवढा वेळ शर्वूला जागं ठेवा, गोष्ट सांगा, काहीही करा.

"अगं, ती कवाच झोपली," सुनंदाबाई बोलून गेल्या.

ऋतुजाला काही कळेना. अजून तर थोपटलंच नव्हतं. तिने मनगट बघितलं. कडं नारिंगी होतं. दुलईखाली कोणीतरी जागं होतं. तेवढ्यात फोनमध्ये, सुनंदाबाईंच्या मागून, आतल्या खोलीतून, सबंध हायस्कुलाच्या मैदानाला पुरायचा तो आवाज आला.

"काय गं, आज सुरू होईना ते? बिघडलं काय?"

ऋतुजा सभागृहाच्या दारापासून चार पावलं लांब गेली.

"आई," ऋतुजा हळूच म्हणाली, "दुलईत कोण आहे?"

सुनंदाबाईंनी फोन घेऊन अंगण गाठलं असावं, कारण मागे कुत्र्याचा आवाज यायला लागला. मग त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. शर्वीने ती दुलई पहिल्याच आठवड्यात लाथाडली होती. म्हणे यात मुंग्या आहेत. सुनंदाबाईंनी तिला कुशीत घेऊन म्हशीच्या पारड्याची गोष्ट सांगितली आणि ती झोपली, तेव्हापासून तसंच. दुलई पडली होती अण्णांच्या पलंगावर. अण्णा थंडी वाजली म्हणून ती ओढून आडवे झाले आणि नऊच्या ठोक्याला पाठीवर हात फिरायला लागला. आधी ते उठून बसले. मग परत आडवे झाले.

"निवृत्त झाल्यापासनं त्यास्नी झोप नव्हती गं. शिस्तीनं झोपतो म्हणून गावाला सांगायचं आणि रात्रभर अंगणात फेऱ्या घालायच्या. त्या दिवशी सकाळपत्तुर झोपले. मी भिऊन नाकाशी सूत धरलं. आता तुला सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? पोरीला तुझा हात नको झाला, हे सांगायचं, का सासऱ्याला पाहिजे झालाय, हे सांगायचं?"

रोज सकाळी त्या खोटं बोलल्या नव्हत्या. लगेच झोपली, हे खरंच होतं. घोरणं, रुंद पाठ, मिनिटाला चौदा श्वास, हेही सगळं खरं होतं. ऋतुजाच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं. मगदूम सर, छपरी मिशा, कमरेपर्यंत पुरणारी पिवळ्या बदकांची दुलई. ज्यांच्यासमोर ती लग्नानंतर वर्षभर खुर्चीवर बसली नव्हती, त्यांना तीन महिने तळघरात बसून थोपटून झोपवत होती. तिचे कान तापले. मग पोटातून हसू वर यायला लागलं, आणि त्या हसण्याच्या बरोबर मध्ये काहीतरी टोचलं. शर्वूला आपली गरज नव्हती. पहिल्या आठवड्यापासून नव्हती.

दार उघडलं आणि लोटेने डोकं बाहेर काढून सांगितलं की सगळे थांबलेत.

ऋतुजा आत गेली. समोर बारा जण, पहिल्या ओळीत हुकस्त्राबाईंचे रबरी बूट. मोजा काढायला म्हणून तिने डावा हात उजव्या मनगटावर नेला. कडं नारिंगीच होतं. तिकडे एक म्हातारा माणूस ताठ पडून वाट बघत होता. बिघडलं काय, असं पुन्हा विचारायची त्याची हिंमत नव्हती. तिने मोजा तसाच ठेवला, हात भाषणाच्या मेजावर टेकवला आणि बोलायला सुरुवात केली.

दोन हलक्या, एक जड. ती आपल्या भागातल्या रानांबद्दल सांगत होती. जमिनीच्या पोटात मीठ असतंच, ते तिथे निजलेलं असतं तोवर काही बिघडत नाही. आपण प्रेमाने पाणी पाजतो. पीक आनंदात डोलतं, म्हणून आणखी पाजतो. मुळं जेवढं पितात त्याहून जास्त पाजलं की खालचं पाणी वर चढायला लागतं आणि येताना मीठ घेऊन येतं. मग एक दिवस रान पांढरं पडतं, आणि माणसाला वाटतं, पाणी कमी पडलं.

हे वाक्य तिने सरावात वीसेक वेळा म्हटलं होतं. त्या दिवशी तिने ते पहिल्यांदा ऐकलं. क्षणभर हात थांबला. तळव्याखालची रुंद पाठही थांबली, श्वास धरल्यासारखी. तिने घाईने पुढची थाप दिली.

सादरीकरण संपलं तेव्हा कडं हिरवं झालं होतं आणि मागच्या ओळीतली दोन पोरं पेंगत होती. प्रश्नोत्तरं झाली, आकडे झाले. शेवटी हुकस्त्राबाईंनी बोट दाखवून विचारलं की हाताला काय झालंय.

"सासऱ्यांना झोपवत होते," ऋतुजा म्हणाली.

हुकस्त्राबाईंनी थोडा विचार केला आणि विचारलं, "झोपले का?"

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा खालच्या उपाहारगृहात गेली. संत्र्याच्या रसाचा पेला हातात धरून तिने पहिल्यापासून सगळी कहाणी सांगितली, डॉक्टरांच्या तंबाखूसकट. लोटे हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली की कॉफी उद्याच पिऊ, डायरी मरू दे. परत निघताना मागच्या ओळीतला एक पोलिश मुलगा जवळ आला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं की ती दुलई मोठ्या मापात मिळते का.

पुढचं वर्ष पक्कं झालं. पण मनगटावरचं कडं विझलं ते विझलंच. नारिंगी नाही, हिरवं नाही. सुनेला कळलंय हे अण्णांच्या कानावर गेलं होतं आणि दुलई घडी होऊन कपाटात गेली होती. त्यांनी फोनसमोर येणं सोडलं होतं, आणि सूर्यास्ताची वेळ पाठवणंही. सुनंदाबाईंनी हळूच कळवलं की अंगणातल्या फेऱ्या परत सुरू झाल्यात.

सकाळच्या फोनवर शर्वीने आईला बाहुली दाखवली. बाहुली पालथी झोपवली होती आणि शर्वी तिला थोपटत होती. दोन हलक्या, एक जड. बाहुली रडत होती, मी झोपवली, असं तिने सांगितलं आणि आईला गप्प बसायची खूण केली. ऋतुजा गप्प बसली. आतलं टोचणारं काहीतरी तेव्हा जरा बोथट झालं.

उरले अण्णा. त्यांना सरळ सांगणं अशक्य होतं. अण्णा, लाजू नका, पांघरा, असं कुठली सून म्हणेल, आणि कुठला सासरा ऐकून घेईल? तिने दोन दिवस विचार केला आणि अभिनंदनला पढवून ठेवलं. त्याने रविवारी, दिवस मावळायच्या आत जेवताना, सहज विषय काढला की दुलईची म्हणे हजेरी असते. कंपनी रोज घेते. कोणी पांघरायचं याचं काही नाही, माणूस असला की झालं. बाकी सगळ्यांची हजेरी पूर्ण आहे. मगदूम घराचा आठवडाभर खाडा लागलाय.

तेहतीस वर्षांत मगदूम सरांचा एकही खाडा नव्हता. टायफॉइडमध्येसुद्धा ते मैदानावर येऊन पडले होते. त्यांनी हात धुतले, कपाट उघडलं. नऊ वाजता ऋतुजाच्या मनगटावर नारिंगी उजेड आला.

मंगळवार आणि गुरुवारी ती आता 'आपोआप' दाबून चर्चेला बसू लागली, बाकीचे दिवस स्वतः थोपटू लागली. कोणालाही न सांगता. पण दोन आठवड्यांनी सुनंदाबाई म्हणाल्या, तुझे अण्णा विचारतात, मंगळवारी आणि गुरुवारी मशीन असतं का? ऋतुजा चकित झाली. यंत्राची थाप तर तिच्या हातासारखीच पडायची, कंपनीने तसं लिहून दिलं होतं.

"म्हणतात, त्या दोन दिवशी थाप कुठं चुकत न्हाई," सुनंदाबाई म्हणाल्या. "झोप लागते, पण उशिरा."

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी फोनवर अचानक अण्णाच आले. पडद्यात अर्धी मिशी आणि एक कान. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ निरखून बघितलं, रांगेतल्या मुलाची नखं तपासावीत तसं.

"तुला झोप लागते का?"

"लागते ना, अण्णा."

"हं," अण्णा म्हणाले आणि फोन सुनंदाबाईंकडे दिला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, हुकस्त्राबाईंची चर्चा रंगात आली होती. बाहेर कधीच अंधारलं होतं. आत हीटरची ऊब होती, आणि फळ्यावर खाऱ्या पाण्याच्या पातळीच्या रेघा. ऋतुजाने 'आपोआप' दाबलं होतं. मोजा हातातच होता, काढायला विसरली होती. एकाएकी त्यात काहीतरी हललं. श्वास नव्हता तो. तळव्यावर ठाम, सारख्या अंतराच्या थापा पडत होत्या. एक-दोन. एक-दोन. दुलईवर बाहेरून थाप मारली की ती मोज्यात उमटते, हे माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं, आणि मगदूम घरात माहितीपुस्तिका वाचणारा माणूस एकच होता.

एक-दोन, एक-दोन. सबंध शाळा मैदानभर चालवणारा हात. पाचेक मिनिटांनी तो जरा अडखळला, थांबला, आठवल्यासारखं करून पुन्हा सुरू झाला. दोन हलक्या. एक जड. जड जरा जास्तच जड.

ऋतुजाने तो हात गालाखाली घेतला. मेजावर डोकं कधी टेकलं ते तिला कळलं नाही. लोटेने तिच्या खांद्यावर कोट टाकला. हुकस्त्राबाईंनी फळ्यावरून मागे वळून बघितलं, बोलणं थांबवलं नाही, फक्त आवाज खाली घेतला.